वहीत न लिहिलेले किलोमीटर

सहाशे मीटरच्या खुणेपाशी माझे पाय बंद पडायला लागले ते त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास. माझी शर्यत आठशेची, म्हणजे ट्रॅकच्या दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीत समोरचा सरळ पट्टा संपून शेवटचं वळण सुरू होतं, तिथे सहाशेची खूण येते. एरवी तिथून पुढे बाकीच्यांना माझी पाठच दिसायची. त्या हिवाळ्यात मात्र तिथे आले की मांड्या घट्ट व्हायच्या, श्वास घशातच अडकायचा आणि एकेक पोरगी बाजूनं निघून जायची. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, निदान पट्टी बांधून लोकांना दाखवता आलं असतं.

माझी सगळ्यात चांगली वेळ दोन मिनिटं सहा सेकंद. आमच्यात नुसतं दोन-सहा म्हणतात. संक्रांतीला मी दोन-अकरा पळत होते आणि होळीला दोन-तेरा. ज्यांना यातलं काही कळत नाही ते म्हणायचे, सात सेकंदांचं काय घेऊन बसलीस? सात सेकंदांत पुढची बाई चाळीस मीटर लांब गेलेली असते. तुमच्या डोळ्यांदेखत चाळीस मीटर लांब. मे महिन्यात राज्याच्या संघाची निवड चाचणी होती, पहिल्या दोघी जाणार होत्या. मी सत्तावीस वर्षांची होते. यंदा गेले नाही तर पुढे कुणी मला बोलावणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि सकाळी डोळे उघडल्या उघडल्या तेवढंच आठवायचं.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, लग्न कर, सगळं जागेवर येईल. मरोळला आमच्या मजल्यावरच्या काकूंनी दृष्ट काढली. कुणी बूट बदलायला सांगितले, कुणी गायीचं तूप. मी सगळ्यांना हसून हो म्हणायचे आणि जिना उतरताना शिव्या घालायचे.

आम्हाला शिकवणारे सर मुलुंडच्या एका शाळेत पीटी शिकवायचे. पहाटे स्कूटरवरून अंधेरीला यायचे, आम्हा आठ मुलींना पळवायचे आणि साडेआठला शाळा गाठायला परत जायचे. त्यांच्याकडे ना यंत्रं होती, ना मदतनीस. होत्या त्या आमच्या वह्या. प्रत्येकीची एक दोनशे पानी वही, त्यात रोज पाच गोष्टी लिहायच्या: सरांनी काय सांगितलं होतं, आपण काय पळालो, किती झोपलो, काय खाल्लं, आणि उठल्यावर पलंगावरच मोजलेली नाडी. शनिवारी आठही वह्या पिशवीत घालून ते घेऊन जायचे, रविवारभर वाचायचे, आणि सोमवारी लाल पेनानं शेरे मारून पुढच्या आठवड्याचं काम लिहून परत द्यायचे. वहीत लिहिलंय म्हणजे झालं, यावर त्यांचा आंधळा विश्वास होता. "मला तुमच्या पायांतलं दिसत नाही गं," ते म्हणायचे, "मला फक्त वही दिसते."

वहीत आणखी एक खूण असायची, तिचा उच्चार कुणी करत नसे. पाळीच्या दिवशी आम्ही कोपऱ्यात एक छोटा ठिपका काढायचो. सर तो बघायचे, त्या दिवसाचं काम हलकं करायचे, पण विषय कधी काढायचे नाहीत. माझ्या वहीत जवळजवळ वर्षभर एकही ठिपका नव्हता. मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट बरंच वाटत होतं. आमच्यात पाळी बंद झाली की बाकीच्या म्हणायच्या, चला, आता ही फॉर्मात आली, हिच्या अंगावर आता एक ग्रॅम फालतू राहिला नाही. बारावीत असल्यापासून मी हे ऐकत आले होते आणि मीही नव्या मुलींना हेच सांगितलं होतं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी मंद होतेय हे पाहून सरांनी फेब्रुवारीत माझं काम कमी केलं. सहा वेळा चारशे पळायचे तिथे चार केले, गुरुवार सुट्टीचा केला. लाल पेनानं लिहिलं, "थकवा दिसतो. आराम." तो शब्द माझ्या डोक्यात गेला. मला वाटलं, यांनी माझ्यावर पाणी सोडलं. चांगल्या घोडीला कुणी आराम सांगतं का? मी ठरवलं, आराम गेला खड्ड्यात.

आमच्या घरापासून आरे कॉलनीचा रस्ता चालत पाच मिनिटांवर. सरांच्या कामाआधी मी पहाटे तिथे शिरायला लागले. तबेल्यांच्या बाजूनं चढ चढून आत, पाड्यांपर्यंत, आणि परत. दहा किलोमीटर. अंगात आलं तर बारा. तेही हळू नाही, दात ओठ खाऊन. दुधाचे टेम्पो बाहेर पडायचे, आणि त्यातला एक ड्रायव्हर रोज हॉर्न वाजवून हात दाखवायचा, त्याला वाटायचं मी भारीच पळतेय. त्याला खूश करण्यासाठीसुद्धा मी वेग वाढवला आहे. मग घरी येऊन घामाचा टीशर्ट बदलायचा, बिनसाखरेचा काळा चहा घ्यायचा, आणि साडेसहाला ट्रॅकवर आताच उठल्यासारखं तोंड करून उभं राहायचं.

वहीत यातला एकही किलोमीटर लिहिला नाही. सरांनी सांगितलेलं तेवढंच लिहिलं. नाडी चौसष्ट लागायची, मी अठ्ठेचाळीस लिहायचे, कारण मागच्या वर्षी मी फॉर्मात असताना ती अठ्ठेचाळीस होती. जेवणाच्या रकान्यात दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, अंडी असं झोकात लिहायचे. खरं म्हणजे मी सोमवार धरायचे, संकष्टी धरायचे, मंगळवारसुद्धा धरायला लागले होते. देवाधर्माचं मला फारसं काही नव्हतं. उपास म्हटलं की घरात कुणी ताट पुढे करत नाही, इतकाच त्यातला फायदा. वजन कमी झालं की वेग येईल हे गणित मी कधी तपासून पाहिलंच नव्हतं.

आई विमानतळाजवळच्या एका मोठ्या स्वयंपाकघरात कामाला होती, दिवसाला शेकडो लोकांची ताटं भरायची आणि घरी एकीचं भरता येत नाही म्हणून चिडायची. तीसुद्धा सोमवार करायची. माझ्याच वेळेसाठी. एका सोमवारी आम्ही दोघी साबुदाण्याच्या खिचडीपुढे बसलो होतो आणि मी चार चमचे खाऊन ताटली बाजूला सारली, तेव्हा ती भडकली. रागावली की ती मालवणीवर यायची.

"उपास मी धरतंय तो तुझ्यासाठी. तू कित्याक धरतंस गो?"

"मीपण माझ्यासाठीच धरते."

"देवाक किती जणींनी सांगूचा तां? तोंड बघ आरशात. पोटात काय नाय आणि पळाक जातंस!"

मी ताटली धुवायला उठले. त्या काळात मी एका जागी पाच मिनिटं बसू शकत नव्हते. रांगेत उभी राहिले तरी टाचा वरखाली करायचे. रात्री झोप यायची नाही, आली तर तीनला मोडायची, आणि मग चारपर्यंत मी डोक्यात आठशे पळायचे. डोक्यातसुद्धा सहाशेला बंद पडायचे.

सर अजून कमी करत गेले, मी अजून वाढवत गेले. ते वही बघून चक्रावत होते. एवढं कमी काम, एवढी छान नाडी, एवढं जेवण, आणि वेळ मात्र घसरतेय. मार्चमध्ये त्यांनी आम्हा सगळ्यांना ट्रॅकवर गोल करून बसवलं आणि म्हणाले, माझं चुकतंय, मी इतकी वर्षं तुम्हाला जे देत आलो ते फार जड होतं, ही एवढी तयार मुलगी मोडतेय तर बाकीच्या उद्या मोडतील. त्या दिवसापासून आठही जणींचं काम जवळजवळ अर्ध्यावर आलं. बाकीच्या खूश झाल्या. एकटी घाटकोपरवाली कुरकुरली.

घाटकोपरवाली म्हणजे आमच्यातली चार वर्षांनी लहान मुलगी, तिला आम्ही असंच म्हणायचो. तिचे आईवडील बुलढाण्याकडचे, ती वाढली घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत, आणि रोज तो डोंगर चढून चढून तिच्या पायांत जोर आलेला. दुपारी ती एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. तोंडानं फटकळ, पण सरांचा शब्द म्हणजे शब्द.

"सर, मला जमतंय ना पण," ती म्हणाली. "माझं कशाला कापता?"

"जमतंय तोवरच कापायचं असतं," सर म्हणाले.

आणि सरांनी घरी राहा म्हटलं त्या दिवशी ती घरी राहिली. मी तिच्या शेजारीच बसले होते. त्या क्षणी बोलायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मेच्या चाचणीत मी सातवी आले. आठ जणींत सातवी, दोन-पंधरा. शेवटच्या शंभरात मी पळतच नव्हते, पडत होते आणि प्रत्येक पावलाला सावरत होते. घाटकोपरवाली तिसरी आली. दुसरीच्या आणि तिच्यात अर्ध्या पावलाचं अंतर होतं. शेवटच्या पन्नासात तिचा दम संपला हे मला मागून स्पष्ट दिसलं. अंगात काम कमी पडलेल्या माणसाचा संपतो तसा. मी स्वतःसाठी रडतेय असं सगळ्यांना वाटलं, आणि निम्मं ते खरंही होतं.

तीच माझ्याकडे आली. स्वतःचं एवढं झालेलं असताना माझा हात धरून तिनं माझी नखं बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली.

"तू काय येडी आहेस काय गं? आतून पांढरी पडलीयस. उद्या लॅबला ये."

दुसऱ्या दिवशी तिनंच माझं रक्त काढलं. हिमोग्लोबिन कमी होतं, आणि शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला. तिच्या ओळखीच्या एक डॉक्टर बाई खेळाडूंना तपासायच्या, त्यांच्याकडे तिनं माझं नाव लावलं. सर म्हणाले, मीपण येतो. येताना माझी वही घेऊन आले.

डॉक्टर बाईंनी वजन घेतलं, नाडी बघितली, शेवटची पाळी कधी आली ते विचारलं. मी सरांकडे न बघता सांगितलं. सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग बाईंनी वही मागितली आणि पानं उलटत गेल्या. बराच वेळ उलटत होत्या.

"हे असं जेवतेस?"

"हो."

"आणि पळणं हे एवढंच?"

"हो."

त्यांनी वही मिटली. "मग मला हे बरोबर वाटत नाही. एवढं खाणाऱ्या आणि एवढं कमी पळणाऱ्या मुलीचं शरीर असं रिकामं होत नाही. आत कुठेतरी रक्त जात असेल. आतड्याचं काही आहे का, ते दुर्बीण घालून बघावं लागेल. थांबून चालणार नाही. घरी कोण कोण आहे तुझ्या?"

घरी कोण कोण आहे, हे विचारल्यावर सरांनी खिशातून रुमाल काढला. तोंड पुसलं, मग हातात नुसताच धरून बसले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"वही खोटी आहे," मी म्हणाले.

कुणाला ऐकूच आलं नाही असं वाटून मी परत म्हणाले. मग सगळंच सांगितलं. आरे, दहा-बारा किलोमीटर, चौसष्टची नाडी, मंगळवार. डॉक्टर बाई ऐकत गेल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. त्यांनी दुर्बिणीचा कागद बाजूला ठेवला. सर मात्र उठले आणि दार लोटून बाहेर गेले.

बाईंनी मला पुढची वीस मिनिटं जे समजावलं ते आमच्यातल्या कुणालाच कुणी कधी सांगितलं नव्हतं. शरीराला खाणं कमी आणि काम जास्त मिळालं की ते एकेक दुकान बंद करत जातं. पाळी सगळ्यात आधी. मग हाडं, झोप, रक्त, आणि शेवटी पाय. तू आळशी झाली नाहीस की म्हातारी झाली नाहीस, त्या म्हणाल्या, तू उपाशी आहेस. पाळी बंद म्हणजे फॉर्म नव्हे, ती धोक्याची घंटा असते. सहा आठवडे एक पाऊल पळायचं नाही. तीन वेळा जेवायचं, मध्ये दोनदा खायचं. लोहाच्या गोळ्या, आणि त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. पाळी परत येईपर्यंत घड्याळ लावायचं नाही.

"आणि दोन-सहा?" मी विचारलं.

"आधी जेव," त्या म्हणाल्या.

सर खाली स्कूटरपाशी उभे होते. मला वाटलं होतं ओरडतील. मला ते हवं होतं, मी त्याची तयारी करूनच जिना उतरले होते. ते म्हणाले, "आठ पोरी. तुझ्या वहीवरून मी आठ पोरींचं काम कापलं." स्कूटरला किक मारली, ती लागली नाही, परत मारली.

"सर, घाटकोपरवालीला..."

"तिला तू सांगायचंस. मी सांगणार नाही."

सहा आठवडे म्हणजे काय असतात ते मला विचारा. पहिला आठवडा मी घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत होते. आईनं माझे बूट तिच्या कामाच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवले, तेव्हा मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. चपला घालून जिना वरखाली करायचे, मग तेही कळलं आणि काकू दारात खुर्ची टाकून बसायला लागल्या. बाहेर पाऊस लागला होता, सकाळी जाग आलीच तर पायांना वाटायचं निघायचंय. मी उठून बसायचे, गुडघे धरून, रागानं धुमसत. राग कुणावर ते मला सांगता येत नव्हतं. सरांवर, आईवर, त्या टेम्पो ड्रायव्हरवर, सगळ्यांवर.

आणि आई खायला घालत होती. तिनं तिचे सोमवार सोडले, देवाला सांगून सोडले म्हणे. नाचणीची भाकरी, तिसऱ्यांचं कालवण, कलेजी, तळलेले तारले, सकाळी अंडी, संध्याकाळी गूळ-शेंगदाणे. आधी चार घासांत पोट भरायचं. तिसऱ्या आठवड्यापासून मला भूक लागायला लागली, अशी की ताट संपल्यावर मी तिच्या ताटाकडे बघायचे. ती अर्धी भाकरी सरकवायची. एका रात्री मी सलग आठ तास झोपले आणि उठल्यावर मला वाटलं, मी आजारी पडलेय.

सहा आठवड्यांनी परत रक्त तपासायचं होतं. घाटकोपरवालीकडेच. तोवर मी तिला काहीही सांगितलं नव्हतं, फोन आला की डॉक्टर अमुक म्हणाल्या, तमुक म्हणाल्या इतकंच. तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई उघडली. आणि मी सांगायला सुरुवात केली. तिचे हात कामात होते म्हणून मला धीर आला असावा. तिनं सुई अगदी हळू घातली, नळी भरली, सुई काढली, कापूस दाबला.

"हात दुमडून धर," ती म्हणाली. मग नळीवर चिठ्ठी चिकटवली. "किती?"

"काय किती?"

"रोज जास्तीचं किती पळायचीस?"

"दहा. कधी बारा."

"आणि मी घरी बसायचे. सर बोलले म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. "अर्ध्या पावलानं गेलं ना यार माझं. मी आईला सांगितलं, मीच कमी पडले."

मी माफ कर म्हणाले. ती म्हणाली, कापूस दोन मिनिटं काढू नकोस, आणि बाहेरच्या माणसाला आत बोलावलं.

पाळी आली ती गणपतीच्या आधी. मी बाथरूममधून आईला हाक मारली, तिला वाटलं पडले. सांगितल्यावर तिनं शिरा केला आणि काकूंकडे वाटी पाठवली, कशाबद्दल ते न सांगता. मग सरांनी मला परत घेतलं. त्यांची अट एकच होती: त्यांच्या डोळ्यांसमोर पळायचं, बाकी कुठे नाही. सुरुवातीला वीस मिनिटं, इतकं हळू की बोलता यावं. बरोबर बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मी स्वतःशी पाढे म्हणायचे. शनिवारी सर पिशवी घेऊन फिरायचे, सात वह्या गोळा करायचे, आणि माझ्यापुढून तसेच निघून जायचे. मी वही आणली होती, पहिल्या शनिवारी पुढेही केली. त्यांनी घेतली नाही. बाकीच्यांचं काम त्यांनी पूर्वीसारखं केलं होतं.

फॉर्म परत येतो म्हणतात, जणू गावाला गेलेला असतो. माझा आला तो लहरी पाहुण्यासारखा. दिवाळीत एका सकाळी तीनशे मीटर असे गेले की मला पाय जाणवलेच नाहीत, आणि पुढचे दोन आठवडे परत लाकूड. आधीची मी असते तर लगेच दहा किलोमीटर वाढवले असते. तोंडात आलेली चिडचिड गिळून मी घरी जाऊन जेवायचे. जानेवारीत दोन-अकरा, मार्चमध्ये दोन-आठ. घाटकोपरवाली माझ्या खांद्याला खांदा लावून पळायची, पण बोलायची नाही. फक्त वॉर्मअपच्या आधी रोज विचारायची, "काल संध्याकाळी काय केलंस?" मी सांगायचे, काही नाही, घरी होते. ती मान हलवायची. पटलंय की नाही ते कळायचं नाही.

मेमध्ये परत चाचणी आली, परत दोनच जागा. आदल्या दिवशी मी तिला म्हणाले, "पहिली फेरी मी पुढे राहून ओढते, तू मागे राहा. तुझा दम वाचेल."

तिनं बुटाची नाडी बांधता बांधता वर पाहिलं. "मला तुझी भीक नको. पळायचं तर नीट पळ, नाहीतर येऊ नकोस."

मी नीट पळाले. पहिली फेरी चौघी एकत्र होतो. सहाशेची खूण आली आणि माझे पाय बंद पडले नाहीत. मला इतका आनंद झाला की वळणावर मी मोठ्यानं काहीतरी ओरडले, काय ते आठवत नाही. शेवटच्या शंभराला एक नागपूरची मुलगी पुढे होती, मग मी, आणि माझ्या उजव्या कोपराशी घाटकोपरवाली. मला ती जागा हवी होती. तिचं मी काय केलं होतं ते सगळं ठाऊक असूनही हवी होती, हे लिहायला मला लाज वाटत नाही. होतं नव्हतं ते सगळं मी ओतलं. शेवटच्या दहा मीटरमध्ये ती माझ्या पुढे गेली.

ती दुसरी, दोन-सहा. मी तिसरी, दोन-सात. मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते आणि रागानं जमिनीवर लाथ मारली. दोन वर्षांत हरल्यावर राग येण्याइतकी ताकद माझ्यात पहिल्यांदाच उरली होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, छाती भात्यासारखी हलत होती.

"पूर्ण पळालीस?"

"पूर्ण."

"मला मुद्दाम पुढे सोडलं नाहीस ना?"

"नाही गं."

"आईशप्पथ?"

"आईशप्पथ."

तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग वळली आणि कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या सरांकडे गेली. माझ्या शेवटच्या दोनशेची वेळ तिनं त्यांना विचारली, ते मला ऐकू आलं. सरांनी घड्याळ तिच्यापुढे धरलं आणि मान हलवली. वर्षभरातला माझा सगळ्यात जलद दोनशे होता तो. आकडा बघितल्यावरच ती तिथे खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली, आणि मी होते तिथेच उभी राहिले.